धारवाडला न्यायचं कधी?

(दृश्य : बेळगाव कॅम्प, सकाळची परेड)

बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. पलटणीचा इतिहास 1768 पासूनचा. खानापूर, निपाणी, बेळगाव भागात फौजेची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या करणारी घरं कितीतरी.

शिपाई पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर येतो. मुलं अजून शाळेत असतात. बहुतेकांचं नीट मार्गी लागतं, शेती किंवा बँकेत गार्डची नोकरी. काहींची झोप मात्र परत येत नाही.

यांतला मनोरुग्णालयात कोण पोचतो? ज्याचा आजार मोठा तो, असं आपण धरून चालतो. तसं नेहमी होत नाही. इस्पितळ जेवढं जवळ, तेवढे तिथले रुग्ण जास्त, हे अमेरिकेतल्या एडवर्ड जार्विस या डॉक्टरांनी 1850 च्या सुमारासच दाखवून दिलं होतं. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या वाडीतून धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी मनोरुग्णालयात जायचं, तर अख्खा दिवस, सोबतीला माणूस आणि बुडालेली मजुरी. शिवाय ‘धारवाडला नेलं’ हे गावात कळलं की मुलीच्या सोयरिकीची काळजी वेगळीच.

इस्पितळात न पोचण्याचं दुसरं कारण दारू, आणि आमच्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. रोज पिणाऱ्यानं ती एकदम तोडली, की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेली माणसं दिसू लागतात. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. मग अंगारा, देवऋषी. पण ही जिवावर बेतणारी अवस्था आहे. अशा माणसाला त्याच रात्री दवाखान्यात न्यायला हवं.

(दृश्य : ओपीडीबाहेरचा बाक)

डॉक्टर विचारतात, “कैसे हो?” माजी हवालदार ताठ बसतात. “सब ठीक है, सर.” फौजेनं त्यांना हिंदी दिली आणि तक्रार न करण्याची सवयही. मागे पत्नी उभी. रात्री दोनला ते टॉर्च घेऊन घराभोवती राउंड मारतात, पोराला दार उघडू देत नाहीत, हे तिला माहीत आहे. पण तिला कन्नड येत नाही, हिंदी जेमतेम. तिला कुणी विचारतही नाही. गोळ्या लिहून दिल्या जातात. बरं वाटलं की त्या बंद होतात, आणि पुढच्या खेपेला थेट भरती.

भरतीच्या निर्णयात तिचं म्हणणं मोजलं जावं, याची सोय कायद्यात आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यानुसार रुग्णाला आपला प्रतिनिधी आधीच लेखी नेमता येतो. तो पत्नी असू शकते. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं, कार्ड असेल, तर पॉलिक्लिनिकमधून पुढच्या इस्पितळाचं रेफरल मिळतं.

आणि भरतीची वेळ येण्याआधीच बोलायचं असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्री दोनलाही लागतो. फोन तिनं केला तरी चालतो, आणि मराठीतून बोलता येतं.