आधी खोली, मग स्पीकर

नमस्कार श्रोतेहो.

नवे स्पीकर घरी येतात, खोक्यातून बाहेर निघतात आणि घरात एकच चर्चा सुरू होते: ठेवायचे कुठे? जिथे जागा रिकामी सापडेल तिथे ते जातात. एक कपाटावर चढतो, दुसरा खिडकीखाली जमिनीवर बसतो. आठवडाभरात कुरकुर सुरू. बेस नुसता घुमतोय, गाण्याचे शब्द कळत नाहीत, दुकानात ऐकला होता तो हा स्पीकरच नव्हे. अहो, स्पीकर तोच आहे. खोली बदलली आहे.

आज मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि रेडिओवर मागे जाऊन पुन्हा वाचायची सोय नसते म्हणून मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे. तुमच्या कानावर जे पडतं ते स्पीकर आणि खोली या दोघांचं मिळून असतं. घरातला स्टिरिओ असो, नाहीतर ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या टेबलावरचे स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण पारखायचे स्पीकर, असोत. मॉनिटर जवळून ऐकायचे असतात, हातभर-मीटरभर अंतरावरून. त्यामुळे त्यांचा थेट आवाज कानावर आधी आणि जोरात येतो, खोलीला बोलायला कमी संधी मिळते. घरात आपण स्पीकरपासून तीन मीटर दूर सोफ्यावर बसतो. तिथे खोली भरपूर बोलते.

आता खोली बोलते म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मला एका माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. संधी मिळाली की मी ती सांगतो. ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकली असेल त्यांनी तेवढा वेळ सांभाळून घ्यावं.

साल १८९५. अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ. तिथे फॉग कलासंग्रहालयाची कोरी करकरीत इमारत उभी राहिली होती आणि तिच्यात व्याख्यानासाठी एक दालन होतं. दालन देखणं, पण व्याख्यात्याचं बोलणं कुणालाच कळेना. रिकाम्या दालनात एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राही. साडेपाच सेकंद म्हणजे किती? मी आत्ता ‘नमस्कार’ म्हणून साडेपाच सेकंद गप्प बसलो, तर काचेपलीकडचे आमचे तंत्रज्ञ धावत आत येतील. तेवढ्या वेळात बोलणारा माणूस अख्खं वाक्य पुढे गेलेला असतो आणि मागचे सगळे शब्द हवेतच असतात. एकावर एक, एकावर एक. नुसता गलका.

विद्यापीठाचे अध्यक्ष होते चार्ल्स एलियट. त्यांनी हे दालन सुधारायचं काम पदार्थविज्ञान विभागातल्या एका तरुण अध्यापकाच्या गळ्यात घातलं. त्याचं नाव वॉलेस सॅबिन, वय २७. ध्वनी हा काही त्याचा खास विषय नव्हता. पण काम आलं, आणि त्यानं ते घेतलं.

त्याच्याकडे होतं काय? मायक्रोफोन नाही, आवाज मोजायचं यंत्र नाही. ऑर्गनची एक नळी, सेकंदाला ५१२ कंपनं करणारी. वेळ मोजायचं एक उपकरण. आणि स्वतःचे दोन कान. नळी वाजवायची, बंद करायची, आणि आवाज पुरता विरेपर्यंत किती वेळ गेला ते टिपायचं. दिवसा रस्त्यावरच्या वर्दळीचा आवाज येई, म्हणून हे सगळं मध्यरात्रीनंतर.

आणि आता येते ती माझी आवडती जागा. जवळच सँडर्स थिएटर होतं. तिथल्या आसनांवर गाद्या होत्या, आणि तिथे बोललेलं नीट कळे. सॅबिननं ठरवलं, त्या गाद्या इकडे आणायच्या. रात्री तो आणि त्याचे मदतनीस गाद्या वाहून आणत. थोड्या गाद्या ठेवायच्या, नळी वाजवायची, वेळ मोजायचा. आणखी गाद्या, पुन्हा नळी, पुन्हा वेळ. आणि उजाडायच्या आत सगळ्या गाद्या परत जागच्या जागी, कारण दिवसा तिथे लोक बसायला येणार. विद्यापीठाचा अध्यापक रात्री दोन वाजता डोक्यावर गादी घेऊन चाललाय, हे चित्र मला फार आवडतं. आजकाल एखाद्या समितीनं आधी गाद्या हलवण्याच्या परवानगीचा अर्ज मागवला असता. असो.

गाद्या वाढत गेल्या तसा घुमारा कमी होत गेला. आसनांवर गाद्या, मधल्या वाटांवर गाद्या, व्यासपीठावर, मागच्या भिंतीला. साडेपाच सेकंदांवरून तो घुमारा एक-सव्वा सेकंदापर्यंत उतरला. दालन तेच, नळी तीच, फक्त गाद्या आल्या. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो. फक्त गाद्या आल्या.

पुढे दुसऱ्या एका खोलीत त्यानं आणखी बारीक मोजमापं घेतली. आकडे जुळेनात. काही केल्या जुळेनात. शेवटी कळलं की खोलीत बसून मोजणाऱ्या माणसाच्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पितात, आणि रोज वेगळे कपडे म्हणजे रोज वेगळा आकडा! सुमारे तीन हजार निरीक्षणं त्यानं बाजूला टाकली आणि काम पहिल्यापासून सुरू केलं. तेव्हापासून प्रयोगाला बसायचा पोशाख ठरलेला. निळा हिवाळी कोट, जाकीट, हिवाळी विजार, उंच बूट. ऋतू कोणताही असो.

इकडे अध्यक्ष एलियट अधीर झाले होते. त्यांना दालन वापरायला हवं होतं, सॅबिनला नियम हवा होता. अखेर दालनाच्या भिंतींवर फेल्टचं जाड कापड लावलं गेलं आणि तिथे व्याख्यानं होऊ लागली. तेवढ्यात बॉस्टन शहरात वाद्यवृंदासाठी मोठं सभागृह बांधायचं ठरलं आणि सल्ल्यासाठी सॅबिनचं नाव पुढे आलं. तो कचरला. गाद्या मोजणं वेगळं आणि अजून न बांधलेलं सभागृह कसं वाजेल हे कागदावर सांगणं वेगळं. १८९८ सालच्या शरद ऋतूत तो घरी आपले सगळे आकडे पुढ्यात घेऊन बसला होता. असं सांगतात की एकदम उठला आणि आईला ओरडून म्हणाला, “आई, हा तर हायपरबोला आहे!”

आईला काय बोध झाला असेल देव जाणे. हायपरबोला म्हणजे एक गोष्ट जितक्या पटीनं वाढते तितक्याच पटीनं दुसरी घटते, ते दाखवणारी वक्ररेषा. त्याला सूत्र सापडलं होतं. खोलीचं आकारमान घ्या. आवाज पिणाऱ्या सगळ्या वस्तूंची बेरीज घ्या. खोली मोठी तर घुमारा जास्त, पिणारं सामान जास्त तर घुमारा कमी. एवढंच. मग त्यानं काम स्वीकारलं. बॉस्टनचा सिंफनी हॉल ऑक्टोबर १९०० मध्ये उघडला आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत त्याचं नाव घेतलं जातं. पाया घालण्याआधी शास्त्रानं आवाजाचं गणित मांडून बांधलेलं ते पहिलं सभागृह. आणि हल्ली? चकचकीत फरशी, काचेच्या भिंती, उघडं छत असं दालन बांधतात, ते घुमायला लागलं की आणखी चार स्पीकर लावतात, आणि वक्ता माइकवर टकटक करून विचारतो, “ऐकू येतंय का?” येतंय हो. चार-चार वेळा येतंय.

तर आता तुमच्या खोलीकडे येऊ. घड्याळानं माझा बराच वेळ खाल्लाय, म्हणजे सॅबिननं खाल्लाय, त्यामुळे थोडं भरभर.

सॅबिनचं सूत्र मीटरमध्ये असं: खोलीच्या घनमीटरांना ०.१६१ नं गुणा आणि आवाज पूर्ण पिणाऱ्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरांनी भागा, की घुमारा सेकंदांत मिळतो. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच खोली म्हणजे ६० घनमीटर. ऐकायला छान असा ०.४ सेकंदाचा घुमारा हवा असेल तर आवाज पूर्ण पिणारा सुमारे २४ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. आकडेमोड जाऊ द्या. गादीचा सोफा, जाड चुणीदार पडदे, जमिनीवर गालिचा, पुस्तकांनी भरलेलं कपाट, ही सगळी सॅबिनच्या गाद्यांचीच कामं करतात. टाळी वाजवून बघा. टाळीमागे झणझणाट आला तर अजून सामान हवं.

पण एक सावधगिरी. भिंतभर पातळ फोम चिकटवण्याची जी लाट आली आहे ती मला अजिबात पटत नाही. पातळ फोम फक्त वरचे, पातळ आवाज पितो. सेकंदाला ५० कंपनांच्या खर्जाची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, तिला दोन-चार सेंटिमीटरचा फोम काय अडवणार? परिणाम असा की झांजेचा चमकारा मरतो आणि खर्ज मात्र कोपऱ्यात गुरगुरत राहतो. सॅबिनलाही हे ठाऊक होतं. आधी त्यानं एकाच स्वरावर मोजलं, पुढे सेकंदाला खालच्या ६४ कंपनांपासून वरच्या ४०९६ पर्यंत, एकेका सप्तकाच्या अंतरावरच्या सात स्वरांवर. खर्ज पकडायचा तर जाड, कोपरे भरणारं काहीतरी लागतं.

आता स्पीकर कुठे ठेवायचे. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं, यांचा समभुज त्रिकोण करा. पुन्हा सांगतो, समभुज. दोन स्पीकरांमध्ये दोन मीटर असतील तर प्रत्येक स्पीकर तुमच्यापासूनही दोन मीटर. ट्विटर, म्हणजे वरचा छोटा गोल, कानाच्या उंचीवर. दोन्ही स्पीकर थोडे आत, तुमच्याकडे वळलेले. डावीकडे भिंत आणि उजवीकडे मोकळा दरवाजा असं असेल तर गायक एका बाजूला सरकलेला वाटतो, म्हणून दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या. टेबलावरचे मॉनिटर असतील तर टेबलाच्या पृष्ठभागावरूनही आवाज उसळून कानात येतो. त्यांना छोट्या स्टँडवर उचला.

आणि आरसा. तुम्ही ऐकायच्या जागी बसा, दुसऱ्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात ट्विटर दिसला की ती जागा पकडा, पहिला उसळलेला आवाज तिथूनच येतो. तिथे पडदा, कपाट किंवा जाड शोषक लावा. पातळ फोम नव्हे, हे वर सांगितलंच.

आता स्पीकरमागची भिंत. स्पीकर भिंतीला चिकटला की खर्ज फुगतो. मीटरभर पुढे आणला तर भिंतीवरून परतणारी लाट सुमारे ८६ कंपनांच्या आसपास मूळ लाटेला खाते आणि तिथे खड्डा पडतो. दोन्हीत त्रास आहे, म्हणून सरकवून ऐकायला पर्याय नाही. बऱ्याच मॉनिटरांच्या पाठीवर भिंतीजवळ ठेवल्यावर खर्ज कमी करायचं बटण असतं, ते त्याचसाठी आहे. वापरा. स्वतः बसताना खोलीच्या लांबीच्या ऐन मध्यावर बसू नका. पाच मीटरच्या खोलीत खोली स्वतःच घुमवते तो सर्वांत खालचा गुंजारव ३४ कंपनांचा, आणि तो नेमका मधोमध नाहीसा होतो. मागच्या भिंतीला पाठ टेकवून बसलात तर तोच अंगावर येतो. लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास खुर्ची ठेवून पाहा. मध्यभागचा तो खड्डा कुठल्याही बटणानं भरत नाही, कितीही बेस वाढवा. खुर्ची हलवा. बेस वाढवू नका, खुर्ची हलवा.

तारांबद्दल पत्रं येतात. लांब अंतराला पुरेशी जाड तांब्याची तार घ्या, टोकं घट्ट बसवा, आणि विषय संपवा. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांवर वाद घालणाऱ्यांच्या घरी मी गेलोय. स्पीकर पडद्यामागे असतो. तार मात्र एक तपासा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडली गेली असेल तर खर्ज पातळ होतो आणि गायक मधोमध न उभा राहता खोलीभर पसरतो. एकाच माणसाचं बोलणं दोन्ही स्पीकरांवर सारखं लावा, आत्ताचं माझं चालेल. आवाज बरोबर मधून यायला हवा. येत नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या तारा उलटून बघा.

आणि दोन स्पीकरांची तुलना करायला जाल तेव्हा आधी दोघांचा आवाज सारखा करून घ्या. जो जरासा मोठा वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो. कमी आवाजात खर्ज आपल्या कानाला आधीच कमी ऐकू येतो, त्यामुळे हळू वाजणारा बिचारा उगाच हरतो. विक्रेत्यांना हे चांगलं माहीत असतं. व्हॉल्यूमचं बटण तुम्ही स्वतःच्या हातात ठेवा.

नमस्कार.