खालचा आकडा कुठून आणायचा?

मागं ऐकू येतंय ना? बरं. तर हा स्टीलचा डबा, यात हरभरे आहेत, घरून आणलेत, भाषण झालं की परत न्यायचेत. यातले 60 काल रात्री बसून काळ्या मार्करनं रंगवले आणि परत डब्यात टाकले. आता पुढच्या रांगेतल्या या दोघी, इकडं या गं, डबा हलवा आणि न बघता बरोबर 50 काढा. काळे किती आले? 10. म्हणजे पाचात एक काळा, आणि एकूण काळे 60, तर डब्यात साधारण 300 हरभरे असणार. सगळे न मोजता काढलं बघा. तुम्ही दोघी आता तिकडं कोपऱ्यात बसून खरेखुरे मोजा, मी बोलते तोवर होईल.

तळ्यातले मासे असेच मोजतात, खुणा करून सोडायचे आणि परत जाळं टाकायचं. आणि लाप्लास नावाच्या गणितज्ञानं 1802 मध्ये काही गावांतली लोकसंख्या आणि जन्माच्या नोंदी यांचं प्रमाण काढून त्यावरून अख्ख्या फ्रान्सची लोकसंख्या काढली होती. युक्ती जुनी आहे. आम्ही, एचआयव्ही रोखायचं काम करणारे, ती माणसांवर वापरतो, आणि तीही अशा माणसांवर ज्यांना सापडायचंच नसतं.

कोण ही माणसं? देहविक्री करणाऱ्या बायका, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, आणि सुईनं नशा करणारे. नॅको, म्हणजे सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, तिच्या भाषेत हाय रिस्क ग्रुप, म्हणजे जास्त धोक्यातले गट. आपल्याकडं मोठ्या माणसांत एचआयव्हीचं प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे, सुईवाल्यांत ते 9 टक्क्यांच्या आसपास निघालंय, आता कळलं ना शोधायचं का ते. कंडोम किती मागवायचे, टेस्टिंग किट किती, पिअर किती नेमायचे (साधारण साठ बायकांमागे एक पिअर धरतात, ती त्यांच्यातलीच असते), हे सगळं एका आकड्यावर ठरतं. तो आकडा जनगणनेत मिळत नाही ओ. 2011 ला स्त्री, पुरुष सोडून ‘इतर’ लिहिलेले देशात 4.88 लाखाच्या आसपास निघाले, त्यात लहान पोरंही आली, आणि बाकीच्या गटांबद्दल तर कुणी विचारतच नाही, विचारलं तर दारात आलेल्या मास्तरांना कोण खरं सांगणार?

आता मी जे सांगायला आलेय ते. आमच्यात मीटिंगला सगळे छाती काढून सांगतात, मॅडम, कव्हरेज, म्हणजे आपण गाठलेल्या बायका, 98 टक्के. मी विचारते, 98 कशाचे? तर खालचा आकडा, म्हणजे छेद, तो त्यांच्याच रजिस्टरातनं आलेला असतो. रजिस्टरला 400 नावं, त्यातल्या 392 भेटल्या. अहो, ज्या रजिस्टरला नाहीतच त्यांचं काय? वर्गात हजर असलेल्या पोरांचीच हजेरी घेतली तर शंभर टक्के येणारच की. छेद बाहेरनं आणावा लागतो, आणि बाहेरनं आणायचा तर हरभऱ्याचा डबाच उपयोगी पडतो.

आम्ही करतो असं की पहिल्या फेरीत पिअर एकेकीला एक वस्तू देते, बाजारात मिळणार नाही अशी, आम्ही एकदा विशिष्ट रंगाची लोकरीची फुलं असलेली कीचेन करून घेतली होती. दोन आठवड्यांनी दुसरी टीम त्याच भागात जाते आणि विचारते, हे मिळालं होतं का. समजायला आकडे घेते: 120 वाटल्या, दुसऱ्या फेरीत 100 जणी भेटल्या, 40 म्हणाल्या मिळाली. 120 गुणिले 100 भागिले 40, म्हणजे 300. पण 20 जणीच म्हणाल्या असत्या तर 600! ओळखीचे चेहरे परत जितके कमी दिसतील तितके न दिसलेले जास्त, एवढंच आहे गणित.

आणि इथंच सगळी गडबड होते. दुसऱ्या फेरीला तीच पिअर पाठवली तर ती तिच्या मैत्रिणींकडंच जाते, ओळखीच्याच परत भेटतात, आकडा खाली येतो. उलट मधे पोलिसांची रेड पडली तर पहिल्या फेरीतल्या गायब, आकडा वर. आणि एकीला दहा कीचेन दिल्या तर ती भाच्यांना वाटते, तेही झालंय.

माझी फजिती सांगते. पहिल्यांदा आम्ही सोलापुरात मोजणी केली ती जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आठवड्यात. सगळं गाव होम मैदानावर, आम्हाला वाटलं चांगलं आहे, माणसं भेटतील. भेटली पण. दुसरी फेरी फेब्रुवारीत. उत्तर आलं ते आधीच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट, मी तर खूश, म्हटलं बघा, आम्ही लपलेल्या शोधून काढल्या. रिपोर्ट टाइप करत बसले होते, आणि आमची एक जुनी पिअर, पन्नाशीची बाई, चहा घेता घेता म्हणाली, “ताई, गड्ड्यातल्या बाया कवाच गेल्या की.” पाळणेवाले येतात, खेळणीवाले येतात, तशा त्याही बाहेरगावाहून आल्या होत्या, आमची कीचेन घेऊन गेल्या आपापल्या गावाला. पद्धतीची पहिली अटच ही की दोन फेऱ्यांच्या मधे डबा बंद पाहिजे, आणि सोलापूर कसलं बंद राहतंय, पुण्याहून हैदराबादचा हायवे इथनंच, विजयपूरचा इथनंच, आषाढीला पंढरपूर आहेच.

नावांचा घोळ वेगळाच. एस.टी. स्टँडजवळच्या यादीत सपना, लॉजवाल्या यादीत पूजा, आणि तेलुगू बोलणाऱ्या पिअरच्या यादीत तिसरंच काहीतरी. बाई एकच. तिन्ही याद्यांच्या पिअर समोरासमोर बसल्या तेव्हा कळलं, कपाळावरच्या जुन्या टाक्यांवरनं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चार भाषांच्या गावात दुबार नावं काढणं म्हणजे नुसतं एक्सेलचं काम नाही.

मोठे आकडेही असेच बघायचे. 2009 च्या सुमारास देशात देहविक्री करणाऱ्या बायका 8.68 लाख धरल्या होत्या, 2020-22 च्या मोजणीत 9.95 लाख. वाढल्या का? सांगता येत नाही, कारण मधल्या काळात मोबाइल आला, ग्राहक फोनवर ठरतो, बाई चौकात उभीच राहत नाही, म्हणून नव्या मोजणीत नुसते हॉटस्पॉट, म्हणजे उभं राहायच्या ठरलेल्या जागा, न बघता फोनवरच्या नेटवर्कचाही माग काढला. पद्धत बदलली की आकडा बदलतो. 2007 ला तर देशातल्या एचआयव्हीबाधितांचा अंदाज 50 लाखांवरनं एकदम 25 लाखांवर आला होता. माणसं कुठं गेली नव्हती, सरकारी दवाखान्यातल्या गरोदर बायकांच्या तपासणीवरनं जो अंदाज बांधत होते त्याला घरोघरी जाऊन केलेल्या रक्ततपासणीची जोड मिळाली, लाखावर लोकांची.

एक गोष्ट मात्र हट्टानं पाळते. मोजणीच्या नकाशावर लॉजचं नाव, घराचा नंबर लिहायचा नाही, कोड लिहायचा. बाधितांची माहिती जपायला 2017 चा कायदा आहे, 2018 पासून लागू आहे, पण नकाशा एकदा चुकीच्या हातात गेला तर दुसऱ्या दिवशी घरमालक सामान बाहेर काढतो, मग कसली दुसरी फेरी.

झालं का गं मोजून? 412? आणि आपला अंदाज 300. बघा, डबा नीट हलवलाच नाही तुम्ही, काळे मी शेवटी टाकलेले, वरवरच राहिले, तेच जास्त हातात आले. काय? पाच फुटके होते ते धरले नाहीत? का नाही धरले?