कापसाची काडी

एक साधी कापसाची काडी, पाण्यात भिजवलेली. डॉक्टर ती योनीमुखाभोवती एकेका जागी हलकेच टेकवतात. जागा ठरतात घड्याळाप्रमाणे: बारा, तीन, सहा, नऊ. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" सहाच्या जागेवर काडी टेकते आणि बाईचं अख्खं अंग आक्रसतं.

आजवर तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. सोनोग्राफीत काही नाही, नुसत्या डोळ्यांनाही फार तर थोडी लाली. म्हणून तिला सांगितलं गेलं, "टेन्शन घेऊ नका", "मूल झालं की थांबेल". हे ऐकून गेलेल्या कितीतरी जणी पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. याचं फार वाईट वाटतं, कारण ही आग, हे टोचणं खरं असतं.

तीन महिने किंवा जास्त टिकलेल्या, स्पष्ट कारण न सापडणाऱ्या या वेदनेला वल्व्होडिनिया म्हणतात. पण कारण नाही म्हणण्याआधी ते नीट शोधावं लागतं. बुरशीचा संसर्ग आहे का? (तपासणीशिवाय पुन्हा पुन्हा मलम लावल्याने त्वचा आणखी चिडू शकते.) त्वचा पांढुरकी, पातळ झाली असेल तर लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार असू शकतो, त्यावर स्टिरॉइडचं मलम चालतं. पाळी गेल्यावर किंवा अंगावर पाजताना इस्ट्रोजेन घटून कोरडेपणा येतो. संबंधाच्या वेळी खोल आत दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) विचार हवा.

आणि स्नायू. दुखणार हे शरीराला ठाऊक झालं, की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळले जातात. आवळले की जास्त दुखतं. इथे फिजिओथेरपिस्ट ते सैल सोडायला शिकवतात. आवळण्याचे व्यायाम अशा वेळी त्रास वाढवू शकतात. जोडीला सुन्न करणारं लिडोकेन, हळूहळू आकार वाढवत योनीत वापरायचे गुळगुळीत डायलेटर, समुपदेशन. काहींना अॅमिट्रिप्टिलिन देतात. चिठ्ठीवर नैराश्याची गोळी पाहून दचकू नका, कमी मात्रेत ती नसांच्या वेदनेसाठी असते. दुखरा भाग काढण्याची शस्त्रक्रिया मोजक्या जणींसाठीच, बाकी उपाय थकल्यावर.

यात महिने जातात. तोवर दुखणं सोसून संबंध ठेवायचे नाहीत, हे जोडीदारालाही डॉक्टरांसमोरच सांगितलेलं बरं.

तपासणीच्या टेबलावरही तसंच. ती "थांबा" म्हणाली, की काडी थांबली पाहिजे.