उन्हाळ्यातली दोन महिन्यांची मुलाखत
(बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

एप्रिल उजाडला की मुलं विचारायला येतात, ‘सर, सुटीत कुठे संशोधन करता येईल का?’ तेव्हा वेळ निघून गेलेली असते. विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप असो, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन उपक्रम असो की आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेचा सुटीतला उपक्रम, अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. म्हणून आज, दिवाळीची सुटी संपता संपता, तुम्हाला बोलावलं.

दोन महिन्यांत शोध वगैरे लागत नाही, ती आशा सोडून द्या. मग जायचं कशाला? पुण्यात एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलं जातात, त्यांचं उदाहरण घेऊ. खोडदला त्यांच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांचा डेटा हातात आला की आधी तो साफ करावा लागतो. मोबाइलचे टॉवर, विजेच्या तारा, उपग्रह, सगळ्यांचा गोंगाट त्यात मिसळलेला. स्क्रीनवर आडवे-उभे चकचकीत पट्टे दिसतात, ते काढून टाकायचे. याला फ्लॅगिंग म्हणतात. जास्त काढलं तर आकाशातला खरा संकेतही जातो, कमी काढलं तर चित्रावर रेघोट्या राहतात. किती काढायचं? गाइड म्हणतात, ‘करून बघ.’ विद्यार्थी करून बघतो, चित्र बिघडतं, परत पहिल्यापासून.

आपल्याला याची सवय नाही. लंबकाच्या प्रयोगात जीची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत ९८० च्या आसपास आली नाही, तर आपण काय करतो? हसू नका, तुमच्या जर्नल मीच तपासतो! रीडिंग जुळवतो. कारण उत्तर आधीच माहीत असतं. तिथे उत्तर गाइडलाही माहीत नसतं. असं आठवडाभर अडकून बसणं काहींना सोसवत नाही, आणि हे पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा बी.एस्सी.ला कळलेलं केव्हाही स्वस्त.

संस्थाही तेच बघत असते. आयुकात चांगलं काम केलेल्या मुलांची मुलाखत घेऊन त्यांना पीएच.डी.साठी आधीच निवडून ठेवतात. इतरत्र थेट असं नसलं, तरी शिफारसपत्र मिळतं. आता माझं पत्र कसं असतं? ‘विद्यार्थी हुशार, मेहनती व नियमित आहे.’ शंभर मुलांच्या वर्गात मी याहून काय लिहिणार? ज्यांच्या शेजारी बसून तुम्ही दोन महिने काम केलं, ते लिहितात, ‘प्रोग्रॅम चालेना, तेव्हा हिने चूक स्वतः शोधली आणि माझ्या गृहीतकावर शंका घेतली.’ निवड समिती कुठलं पत्र वाचेल?

गणितवाल्यांसाठी १९९३ पासून एमटीटीएस हे उन्हाळी प्रशिक्षण शिबिर आहे. तिथे संशोधन नसतं, पण सिद्धता स्वतः उभी करायला लावतात. अमेरिकेतल्या आरईयू या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन उपक्रमाच्या जाहिराती पाहून हुरळू नका. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे ते पैसे अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच आहेत.

खरी अडचण आपल्याच घरची आहे. मे-जूनमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा लांबतात आणि उपक्रमाच्या तारखा तर ठरलेल्या. यावर माझ्याकडे जादू नाही. निवड झाली की आधी वेळापत्रक पाठवून तारखा पुढे-मागे होतात का, हे विचारायचं. कधी जमतं, कधी नाही. इंग्रजीची भीती मात्र अवास्तव आहे. प्रयोगशाळेत लागणारं इंग्रजी पंधरा दिवसांत तोंडी बसतं.

अर्जात ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य लिहू नका, ते सगळेच लिहितात. कुठला प्रश्न डोक्यात घोळतोय आणि त्यासाठी आजवर काय वाचलं, काय करून पाहिलं, एवढंच लिहा. शनिवारपर्यंत अर्धं पान घेऊन या. मराठीत चालेल, इंग्रजी मग बसून करू. आणि गुणपत्रिकेच्या झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा, शेवटच्या दिवशी ऑफिस बंद असतं.