सीईटीचा फॉर्म आणि पणजोबांचा दाखला

(सांगलीत अकरावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सीईटीचा, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला किती वेळ लागतो, असं पालक हमखास विचारतात. फोटो आणि सही स्कॅन करून ठेवली असेल, तर तासाभराचं काम. नाव दहावीच्या मार्कलिस्टवर आहे तसंच घाला. इंजिनिअरिंगला जायचं तर पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुप घ्या. आणि फी भरल्याशिवाय फॉर्म गेला, असं समजू नका. (अकरावीची पुस्तकंही रद्दीत घालू नका. पेपरात साधारण 20 टक्के भार अकरावीचा असतो.)

खरा वेळ खातो तो प्रवर्गाचा रकाना. तिथं ओबीसी निवडायला एक क्लिक पुरतं. पण उद्या इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला किंवा कराडच्या शासकीय कॉलेजला त्या जागेवर प्रवेश घेताना जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (म्हणजे तो दाखला तपासून खरा ठरल्याचं प्रमाणपत्र) आणि नॉन-क्रिमीलेअर (म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) असे तीन कागद मागतात. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या सहीचा. व्हॅलिडिटी मात्र जिल्हा पडताळणी समिती देते, आणि तिला जुना पुरावा हवा असतो. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. म्हणजे अर्ज तुमचा, पण शोधायचे आजोबा-पणजोबा!

ते सापडतात गावच्या झेडपी शाळेच्या जनरल रजिस्टरात. पानं पिवळी, शाई विटलेली, आणि आडनावाच्या जागी कधी नुसतं वडिलांचं नाव. नावाच्या पुढं जातीचा रकाना असतो, त्याचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी घ्यायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद बघा. त्याआधी घरातच विचारा. वडिलांकडच्या रक्तनात्यात, चुलत्याकडं किंवा चुलतभावाकडं व्हॅलिडिटी असेल, तर निम्मं काम झालं. आमच्याकडं भावकीत बांधावरून बोलणं बंद असतं, हे मला माहीत आहे. तरीही जा. एका झेरॉक्सपुरतं बोलायला काय हरकत आहे?

नॉन-क्रिमीलेअरबद्दल तासगावकडचे द्राक्षवाले उगाच घाबरतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाखांची खरी, पण त्यात शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. दाखल्याची मुदत तेवढी बघून घ्या, ती 31 मार्चला संपते.

हे सगळं बारावीच्या निकालानंतर सुरू करणारे बरेच जण असतात. जूनमध्ये दाखल्यांसाठी सेतू केंद्रापुढं रांग लागते, समितीकडं अर्ज साचतात, आणि चांगले पर्सेंटाइल असलेलं पोरगं खुल्या जागेच्या कटऑफशी झुंजत बसतं. व्हॅलिडिटीचा अर्ज कॉलेजमार्फत करायचा असतो. तेव्हा उद्या ऑफिसात जाऊन शिफारसपत्राचं विचारा, आणि या रविवारी गावी जाणार असाल तर शाळेचं रजिस्टर कुणाच्या ताब्यात आहे, ते आजच फोन करून बघा.