मेरी लिंकन जखमींच्या वॉर्डात नेमकं काय करायच्या?

नमस्कार मंडळी. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: अब्राहम लिंकनच्या पत्नी जखमींची मलमपट्टी करायच्या का?

नाही हो! त्याला सर्जन होते, नर्सेस होत्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध, १८६१ ते ६५, वॉशिंग्टनभर जखमी सैनिकांची इस्पितळं, हे सगळं माहीतच आहे तुम्हाला. पुढे जाऊ.

मेरीबाई फळं न्यायच्या, व्हाइट हाउसची फुलं न्यायच्या. पण खरं काम पत्राचं. हात गेलेला किंवा तापाने फणफणलेला पोरगा घरी कळवणार कसं? १० ऑगस्ट १८६४, कॅम्पबेल हॉस्पिटल. एका सैनिकाच्या आईला त्या लिहितात: मी तुमच्या मुलाशेजारी बसले आहे, तो बराच आजारी होता, आता सुधारतोय, बरा आहे असं सांगा म्हणतोय. बस्स. सही शेवटी: मिसेस अब्राहम लिंकन.

एवढंच का, विचाराल. अहो, या युद्धात गोळीपेक्षा रोगांनी जास्त माणसं मारली. नुसतं ‘आजारी आहे’ वाचलं की आईचा जीव अर्धा व्हायचा. म्हणून आधी ‘शेजारी बसले आहे’. डोळ्यांनी बघून लिहिलंय हे कळायला हवं. आणि मुलाचा निरोप हवाच, म्हणजे तो शुद्धीवर आहे हेही कळतं. मेरीबाईंचा स्वतःचा मुलगा विली फेब्रुवारी १८६२ मध्ये गेला, बहुधा टायफॉइडनेच. तरी त्या तापाच्या वॉर्डात जायच्या.

  

आता माझी चिडचिड. इस्पितळातल्या या भेटींना ‘सगळा दिखावा’ म्हणणाऱ्यांनो, दिखाव्याला वार्ताहर लागतात! बाई त्यांना बरोबर नेतच नव्हत्या. व्हाइट हाउसमधले सचिव स्टॉडर्ड यांचं म्हणणंच होतं की दर खेपेला दोन ते पाच वार्ताहर न्यायला हवे होते. नेले नाहीत, मग पेपरात काय आलं? कपडे आणि खरेदी.

पैशाचंही तसंच, गाजावाजा नाही. नोव्हेंबर १८६२ मध्ये त्या नवऱ्याला कळवतात: सैनिकांची सोय नीट आहे, पण गुलामीतून सुटून वॉशिंग्टनला आलेल्या लोकांना पांघरुणं नाहीत. लिंकनकडे ठेवलेल्या १००० डॉलरच्या निधीतले २०० खर्च करायला आपले कपडे शिवणाऱ्या एलिझाबेथ केकलींना सांगून त्या मोकळ्याही झाल्या होत्या. राष्ट्राध्यक्षांनी फक्त चेक पाठवायचा. ८०० उरतातच की, असंही वर लिहिलंय.