लॉजर ठेवण्याआधी बेनिफिटचा हिशोब

नमस्कार मंडळी. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी ज्येष्ठांशी आज जरा पैशांचं बोलायचंय. मुलं आपापल्या घरी गेली, वरची खोली रिकामी पडलीय, हीटिंगचं बिल काही कमी होत नाही, मग कोणीतरी सांगतं की लॉजर, म्हणजे आपल्याच घरात भाड्याने राहणारं माणूस, ठेवा, टॅक्स लागत नाही. बरोबर आहे ते, रेंट अ रूम योजनेत राहत्या घरातली फर्निचरवाली खोली दिली तर वर्षाला 7,500 पाउंडांपर्यंत टॅक्स नाही. पण टॅक्स नाही म्हणजे बेनिफिटवाले (सरकारी आर्थिक मदत देणारे) पण ते पैसे धरत नाहीत असं समजू नका हो, ते खातं वेगळं आणि त्याचे नियम वेगळे.

समजा पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी सरकारी मदत) घेणाऱ्या एका आजींनी आठवड्याला 100 पाउंडांनी खोली दिली, जेवण नाही, तर पहिले 20 सोडून बाकी 80 त्यांचं उत्पन्न धरतात आणि क्रेडिट तेवढं कापलं जातं. म्हणजे परकं माणूस घरात वावरणार, गरम पाणी वापरणार आणि आजींच्या हातात खरे पडणार 20! तेच 100 घरी शिजवलेल्या जेवणासकट घेतले तर 20 सोडून उरलेल्यातले अर्धेच धरतात, म्हणजे 40 कापले आणि 60 उरले, त्यातून किराणा वजा करा, आणि रोज पोळ्या लाटायची ताकद आहे का तेही बघा. क्रेडिट पार बंद झालं तर 75 नंतरचं फुकट टीव्ही लायसन्सही जातं. हाउसिंग बेनिफिट, म्हणजे घरभाड्यासाठीची मदत, त्यातही लॉजरचे पैसे असेच धरतात.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (ही मुख्यतः पेन्शनच्या वयाखालच्यांची मदत) मात्र लॉजरचं भाडं धरतच नाहीत, पण घर काउन्सिलचं असेल तर ती खोली जादाच मोजतात आणि एका जादा खोलीपायी घरभाड्याच्या मदतीत होणारी 14 टक्के कपात काही सुटत नाही. स्टेट पेन्शन आणि अटेंडन्स अलाउन्स (आजारपणामुळे देखभाल लागणाऱ्या ज्येष्ठांचा भत्ता) यांना धक्का नाही.

एकटे राहत असाल तर काउन्सिल टॅक्समध्ये 25 टक्के सूट असते ना, दुसरं मोठं माणूस आलं की ती जाते, पण फुल टाइम स्टुडंटला मोजत नाहीत. म्हणून मला वाटतं, मास्टर्स करायला आलेली आपली मुलंमुली ठेवणं सगळ्यात बरं, फक्त युनिव्हर्सिटीचं पत्र मागून घ्या आणि इंग्लंडमध्ये असाल तर राइट टू रेंट, म्हणजे त्यांना इथे भाड्याने राहायचा कायदेशीर हक्क आहे का, ते तपासा.

आणि लॉजर आला की बेनिफिटवाल्यांना लगेच कळवा, उशीर झाला तर जास्त मिळालेले पैसे परत मागतात आणि म्हातारपणी ती वसुली फार जड जाते. होकार द्यायच्या आधी सिटिझन्स अडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत बसून तुमचा हिशोब करून घ्या, तिथे पैसे पडत नाहीत.